पायी चालणाऱ्याचं मत



निवडणुकीच्या धामधुमीत आपण जे शब्द रोज वापरतो, त्यांच्याकडे जरा थांबून पाहिलं तर गंमत वाटते. 'उमेदवार' हा शब्द फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा आणि उमेदवार म्हणजे आशा धरून बसलेला माणूस. 'जाहीरनामा' या शब्दातला जाहीर अरबी आणि नामा फारसी. जाहीर म्हणजे उघड, डोळ्यांना दिसणारं. नामा म्हणजे लिहून दिलेला कागद. 'मतदार' या शब्दात तर मत संस्कृत आणि दार फारसी, दोघंही एका घरात सुखानं नांदत आहेत. आणि जो चांगला करून देतो असं सांगून ही सगळी मंडळी मतं मागतात, तो 'रस्ता'ही फारसीच. कवितेच्या नादामुळे मला शब्दांची मुळं उकरायची सवय आहे, हे खरं. पण आज या चार शब्दांना धरूनच मला बोलायचं आहे. रस्त्याबद्दल उमेदवारांनी मतदारांना जाहीरनाम्यात काय लिहून दिलं, आणि आपण ते कसं वाचायला हवं, एवढाच आजचा विषय.

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महानगरपालिकांसाठी मतदान झालं. त्याआधी डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. बऱ्याच शहरांतल्या नगरसेवकांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली होती, काही ठिकाणी तर २०२० मध्येच. तेव्हापासून कारभार प्रशासकांच्या हाती होता. इतक्या वर्षांनी निवडणूक आल्यावर आश्वासनांची भूक मोठी असणार, आणि ताटंही तशीच भरून आली.

मी सोलापूरचा. आमच्याकडे मतदानाचा दिवस नेमका सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत आला. यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा शहरातली वाहनं निमूटपणे बाजूला होतात. हजारो माणसं चालत असतात, पुष्कळजण अनवाणी. म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, सगळ्यांना रस्ता असतो. तेवढे दिवस रस्ता चालणाऱ्यांचा असतो. उरलेल्या वर्षभरात तो कोणाचा असतो, हा प्रश्न मला उमेदवारांना विचारावासा वाटत होता.

प्रचाराच्या काळात दारात आलेली पत्रकं मी जपून ठेवली. पक्ष वेगळे, रंग वेगळे, हात जोडलेले फोटो वेगळे. 'रस्ते व वाहतूक' या मथळ्याखालची वाक्यं मात्र एकाच आईची लेकरं वाटावीत इतकी सारखी. सर्व रस्त्यांचं काँक्रिटीकरण करणार. वाहतूक कोंडी सोडवणार. रस्ते रुंद करणार. उड्डाणपूल मार्गी लावणार. वाहनतळ उभारणार. यातली काही कामं गरजेची आहेत, त्यांची टिंगल करण्याचं कारण नाही. पण शाळेत आपण कर्ता, कर्म, क्रियापद शिकलो, त्या नजरेनं ही वाक्यं वाचून पाहा. करणारा उमेदवार आहे. ज्याच्यासाठी करायचं ते वाहन आहे. कोंडी वाहनाची, तळ वाहनाचा, पूल वाहनाचा. माणूस या वाक्यांत कुठेच नाही. तो गाडीत बसला तरच जाहीरनाम्यात येतो. पायी चालणारा, सायकलवरून कामाला जाणारा, बसची वाट पाहत उन्हात उभा असलेला माणूस मत द्यायला रांगेत असतो, पण मजकुरात नसतो.

ही केवळ व्याकरणाची गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मृत्युमुखी पडली. त्यांत ७४ हजार ८९७ दुचाकीवरची होती आणि ३२ हजार ८२५ पायी चालणारी. म्हणजे रोज सरासरी नव्वद पादचारी. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजार २२४ जण गेले. यातले पुष्कळ मृत्यू शहराबाहेरच्या महामार्गांवरचे आहेत आणि त्यांना नगरसेवक जबाबदार नाही, हे मान्य. तरीही देशभरात मेलेल्या दर तिघांपैकी जवळजवळ दोघं दुचाकीवर किंवा पायी होते, हे विसरून चालणार नाही. ज्यांच्याभोवती पत्र्याची पेटी नाही, ते मरतात. आणि नेमके तेच जाहीरनाम्यातून गळतात.

आता कोणी म्हणेल, अपघात व्हायचाच, त्याला नगरसेवक काय करणार? अपघात या शब्दात थोडी सोय आहे. तो उच्चारला की कोणाचा दोष नाही, नशिबाचा खेळ, असं वाटू लागतं. पण याच अहवालात दहापैकी सात मृत्यूंच्या मागे बेफाम वेग असल्याची नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे सरासरी वेग एक टक्क्यानं वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. वेग हा चालकाच्या स्वभावावर अवलंबून असतो, तसाच रस्त्याच्या घडणीवरही असतो. रुंद, गुळगुळीत, कडेला पदपथ नसलेला सरळ रस्ता चालकाला सांगतो, दाब पाय. वळणावर अरुंद केलेला, ओलांडण्याची जागा उंच केलेला रस्ता सांगतो, जरा सबुरीनं. म्हणून नुसतं काँक्रिट ओतून वेग वाढवणारा आणि पादचाऱ्याची कसलीही सोय न करणारा नगरसेवक हा आपण समजतो तितका निर्दोष नसतो.

नगरसेवकाच्या हातात नेमकं काय असतं, हेही पाहू. ७४ व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आली. तीत रस्ते आणि पूल आहेत, रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ आणि बसथांबेही आहेत. महाराष्ट्रात मुंबईखेरीज इतर महापालिका १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार चालतात. त्या कायद्यात कामांच्या दोन याद्या आहेत. सार्वजनिक रस्ते बांधणं, त्यांची देखभाल, दिवाबत्ती, रस्त्यातले अडथळे दूर करणं ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं. लोकांसाठी बससेवा चालवणं मात्र दुसऱ्या यादीत, म्हणजे ऐच्छिक कामांत. श्रोते हो, हे एकदा नीट ऐका. रस्ता सक्तीचा आणि बस मर्जीची! ज्या कामाला कायद्याची सक्ती नाही, त्याला मतदाराची सक्ती लागते. म्हणून बसबद्दल जाहीरनाम्यात काय आहे, हे आधी वाचायला हवं.

सिग्नल आणि वाहतूक नियमन पोलिसांकडे, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, काही राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. 'ते आमच्याकडे येत नाही' हे उत्तर म्हणून प्रत्येकाच्या खिशात तयार असतं. त्यात मुंबई सोडली तर आपल्या महापालिकांमध्ये बहुतेक प्रभागांतून चार-चार नगरसेवक निवडून येतात. चौघांत काम वाटलं जातं, आणि जबाबदारी चौघांच्या मधल्या जागेत पडून राहते. परंतु जे महापालिकेकडे निर्विवादपणे आहे, तेही थोडं नाही. पदपथ, दिवे, रस्ता ओलांडायचे पट्टे, शाळेसमोरची सुरक्षित जागा, बसथांब्यावरची सावली, चेंबरची झाकणं. यासाठी दिल्ली-मुंबईला जावं लागत नाही.

गतिरोधकाचंच घ्या. नगरसेवकाकडे लोक सगळ्यात हौसेनं मागतात तो गतिरोधक. तो रातोरात तयार होतो. कुठे डांबराचा उंच वरवंटा, कुठे ओळीनं तीन-तीन. त्यावर रंग नाही, आधी फलक नाही. रात्री दुचाकीवर मागे बसलेली बाई उडते ती तिथंच. भारतीय रस्ते महासभा, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस, या संस्थेनं याचं माप ठरवून दिलं आहे. गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असावा. म्हणजे गाडी हळूच चढावी आणि हळूच उतरावी. पदपथाचंही माप आहे. राहत्या वस्तीत किमान १.८ मीटर जागा मोकळी हवी, आणि त्याची उंची रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडचे पदपथ गुडघ्याइतके उंच असतात. गुडघे दुखणारा माणूस त्यावर चढणार कसा? मग तो रस्त्यावरून चालतो, आणि आपण म्हणतो, लोकांना शिस्त नाही. 'पेव्हर ब्लॉक बसवले' हे नगरसेवकाच्या कार्य अहवालातलं लाडकं वाक्य आहे. ब्लॉक बसवले हे खरं, पण त्यावरून चाकाची खुर्ची जाते का, बाळाची गाडी जाते का, मध्येच विजेची पेटी उभी आहे का, हे त्या अहवालात नसतं.

आता बस. सोलापूरच्या पूर्वेला, अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी आहे. तिथं विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेनं उभारलेली दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये त्यांच्या ताब्यात आली. पुढे २०२४ च्या जानेवारीत तिथंच रे नगरमधल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण झालं. कष्टकऱ्यांना हक्काचं घर मिळालं, ही या शहराच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे. पण घर शहराबाहेर गेलं की रोजचा प्रवास वाढतो. दवाखाना, बाजार, मुलांचं कॉलेज, सगळं शहरात. आणि ती वसाहत महापालिकेच्या हद्दीबाहेर, म्हणजे तिथल्या बाईला महापालिकेच्या निवडणुकीत मत नाही. जिला शहराच्या बसची सगळ्यात जास्त गरज, तिला शहराच्या नगरसेवकाला जाब विचारता येत नाही. तिच्या वतीनं तो शहरातल्या मतदारानं विचारायला हवा.

आमच्या भागात विड्या वळणाऱ्या एक वयस्क बाई आहेत. वळलेल्या विड्यांची पिशवी घेऊन त्या मोठा रस्ता ओलांडून जातात. प्रचाराच्या दिवसांत मी त्यांना विचारलं, 'अक्का, उड्डाणपुलाचं काय म्हणता?' त्या म्हणाल्या, 'भाई, पूल बांधा की नका बांधू, मी पलीकडं जाईपर्यंत गाड्या थांबवा म्हणावं.' वाहतूक नियोजनावरची मोठमोठी भाषणं मी ऐकली आहेत, पण इतकं नेमकं वाक्य त्यांत क्वचित सापडलं. रस्ता ओलांडायला किती सेकंद मिळतात, हा त्यांच्यासाठी धोरणाचा प्रश्न आहे. हे सेकंद वाढवायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. नगरसेवकानं आग्रह धरावा लागतो, आणि पोलिसांशी बोलावं लागतं.

जानेवारीच्या या निवडणुकांत तिकिटात सवलत आणि मोफत प्रवास अशी आश्वासनंही ऐकू आली. गरिबाला तिकीट परवडणं महत्त्वाचं आहेच. पण फुकट मिळालेली बस आलीच नाही, तर फुकटाचा उपयोग काय? म्हणून बसच्या आश्वासनाला तीन प्रश्न जोडायचे. गाड्या किती आणणार? किती मिनिटांनी सोडणार? तोटा कोण भरणार? शेवटचा प्रश्न कडू आहे. शहर बससेवा बहुतेक ठिकाणी तोट्यातच असते. पण रस्त्यावरच्या दिव्यांचा नफा-तोटा आपण कधी काढतो का? दिवे लागले पाहिजेत, एवढंच म्हणतो. बसकडेही त्याच नजरेनं पाहायला हरकत नाही, फक्त त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम ठेवावी लागेल, हे उमेदवारानं उघड सांगितलं पाहिजे. जाहीर या शब्दाचा अर्थच तो आहे.

यात एक अवघड जागा आहे, ती टाळून मला पुढे जाता येणार नाही. पदपथ मोकळे करा म्हटलं की पहिली कुऱ्हाड हातगाडीवाल्यावर पडते. केळी विकणारा, चपला शिवणारा, चहाची टपरी चालवणारी विधवा. गाडी चालवणाऱ्याला ते अतिक्रमण वाटतं, पण पदपथावर लावलेली त्याची स्वतःची मोटार त्याला अतिक्रमण वाटत नाही. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यांचं सर्वेक्षण करायचं, नगर पथविक्रेता समिती नेमायची, त्या समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे घ्यायचे आणि जागा ठरवून द्यायच्या, असं तो कायदा सांगतो. विक्रेत्याला जागा आणि चालणाऱ्यालाही जागा, हे एकाच रस्त्यावर जमतं, मात्र त्यासाठी फुकटच्या पार्किंगची जागा कमी करावी लागते. आणि इथं उमेदवार गप्प होतो. कारण मोटारवाला आणि दुकानदार मोठ्या आवाजात बोलतात, पायी चालणारा पुटपुटतो. आपणही त्यातलेच. आपल्याला आपल्या दारासमोर गतिरोधक हवा असतो आणि दुसऱ्याच्या दारासमोरून सुसाट जायचं असतं. चौकात चालत असताना आपण मोटारवाल्याला शिव्या देतो आणि दुचाकीवर बसलो की चालणाऱ्याला हॉर्न देतो. आपल्या मागण्यांत ही ओढाताण आहे, तोवर जाहीरनामेही तसेच येणार.

न्यायालयांनी मात्र स्पष्ट बोलायला सुरुवात केली आहे. चालण्याजोगे पदपथ मिळणं हा पादचाऱ्यांचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या मे महिन्यात सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख रुपये भरपाई द्यावी, जखमींनाही द्यावी, असा आदेश दिला. हे आदेश मोलाचे आहेत. पण भरपाई माणूस गेल्यावर मिळते. माणूस जाऊ नये म्हणून न्यायाधीश प्रत्येक गल्लीत येऊन उभे राहू शकत नाहीत. तिथं उभं राहण्यासाठीच नगरसेवक निवडलेला असतो.

पुण्याच्या महापालिकेनं २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी वेगळं धोरण मंजूर केलं. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले, तिथं आज म्हातारी माणसं बाकावर बसलेली दिसतात. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर वाहनं बंद ठेवून पादचारी दिनही साजरा होऊ लागला. सगळ्या पुण्यात चालणं सुखाचं झालं आहे असं कोणी म्हणणार नाही. पण सभागृहात धोरण मंजूर झालं, की विचारायला एक कागद हातात येतो. आपल्या शहरात असं धोरण आहे का? नसेल तर नव्या नगरसेवकांनी ते आणावं, ही मागणी मतदान संपल्यावरही करता येते. किंबहुना तेव्हाच करावी लागते.

कारण निवडणूक झाली म्हणजे जाहीरनामा रद्दीत गेला, असं नाही. दर वर्षी महापालिकेचं अंदाजपत्रक येतं. त्यात उड्डाणपुलांना किती, डांबर-काँक्रिटला किती, पदपथांना किती आणि बसला किती, हे आकडे असतात. उमेदवारानं खरं काय लिहून दिलं होतं, ते तिथं कळतं. माहितीच्या अधिकारात विचारता येतं. २००९ पासून आपल्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, ग्रामसभेसारखी शहरातली सभा. तीही मागता येते. आपल्या भागातल्या शाळेपासून बसथांब्यापर्यंत नगरसेवकाला बरोबर घेऊन एकदा पायी चालता येतं. मोटारीतून न दिसणारं पुष्कळ काही त्या अर्ध्या तासात दिसतं. त्यासाठी सकाळची, शाळा भरायची वेळ निवडावी.

लहानपणी आम्हांला शिकवलं गेलं की वाटेतला काटा, दगड बाजूला करणं हादेखील सदका आहे, दान आहे. दान द्यायला खिशात पैसा नसला तरी चालतं, हे त्या वयात फार दिलासा देणारं वाटायचं. आणि याच महाराष्ट्रात गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावात शिरत आणि आधी रस्ता झाडत, मग कीर्तन करत. आधी रस्ता, नंतर उपदेश, हा क्रम मला फार आवडतो. आपल्या उमेदवारांनी तो उलटा केला आहे.

तेव्हा घरात आलेली ती पत्रकं फेकू नका. रेशनकार्डाबरोबर ठेवून द्या. प्रत्येक आश्वासनाच्या बाजूला पेन्सिलीनं दोन शब्द लिहा, 'कोणासाठी' आणि 'केव्हा'. वर्षभरानं ती पुन्हा काढा आणि नगरसेवकाच्या कार्यालयात घेऊन जा. जमल्यास चालत जा. वाटेत जे जे अडेल, तेही त्याच कागदाच्या मागे लिहून न्या.